मोरसचा वझर

प्रवासवर्णनाची सुरुवात विमानतळापासून करावी असा एक संकेत आहे. मी मात्र ती साखरेच्या डब्यापासून करणार आहे.

आईच्या आजोळी, म्हणजे सावंतवाडीकडच्या एका लहानशा गावात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक पितळी डबा असे. घरच्यांचा चहा गुळाचा. पण शहरातला पाहुणा आला, की तो डबा खाली निघे आणि पाहुण्याच्या कपात 'मोरस' पडे. मोरस म्हणजे पांढरी शुभ्र दाणेदार साखर. आईच्या आजीला मोरस ही साखरेची जात वाटे, जसा आंब्यात पायरी किंवा भातात आंबेमोहर. हा शब्द एका बेटाच्या नावावरून आला आहे, ते बेट समुद्रापलीकडे आहे आणि तिथला ऊस तोडायला आपल्याच कोकणातली माणसे गेली होती, हे त्या माऊलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मॉरिशसची साखर ती मोरस. बोट हिंदी महासागर ओलांडून आली आणि येता येता नावातली इंग्रजी टोके घासून गुळगुळीत झाली, इतकेच.

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे मॉरिशसला गेलो: मी, सौभाग्यवती, कॉलेजात शिकणारी आमची कन्या आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. प्राध्यापकाच्या पगारात परदेशचा प्रवास म्हणजे चार वर्षांची बचत आणि चाळीस वेळा केलेली बेरीज. सौ.ला सिंगापूर पाहायचे होते. कन्येला कुठेही चालणार होते, फक्त तिथे समुद्र हवा आणि मोबाईलला रेंज हवी. आई मात्र एकदम म्हणाली, "मोरस बघूया. आजीच्या डब्यातला." त्या वाक्याने निकाल लागला.

काळा दगड तिथेही

मुंबईहून विमानाने साधारण सहा तास. घड्याळ दीड तास मागे करावे लागते आणि ऋतू तर पुरते उलटे करावे लागतात. आपल्याकडे मे महिन्याने अंगाची लाही होत असताना तिथे हिवाळ्याची सुरुवात असते. पावसाळा नुकताच सरलेला, डोंगर हिरवे आणि ओढ्यांना अजून पाणी. धबधबे पाहायला यासारखा काळ नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाक नावाच्या गावी उतरलो होतो. पहिले दोन दिवस समुद्राने घेतले. तिसऱ्या दिवशी शामारेलचा धबधबा पाहायला निघालो. नकाशावर या नावाचे स्पेलिंग वाचून मी त्याचा उच्चार 'चमरेल' असा केला होता आणि हॉटेलातल्या मुलीने हसू आवरत तो दुरुस्त केला होता. जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारत आलेल्या माणसाला अशी शिक्षा अधूनमधून व्हायलाच हवी.

टॅक्सी गावाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागले. मळ्यांच्या मधोमध जागोजागी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या बुरुजांएवढे.

"हे कसले किल्ले?" कन्येने विचारले.

"किल्ले नव्हेत," टॅक्सीवाले म्हणाले. "ऊस लावायचा म्हणजे आधी जमिनीतले दगड उचलायचे. ते आमच्या पणजोबांनी हातांनी उचलले. ठेवायचे कुठे? म्हणून रचले."

मी काच खाली करून नीट पाहिले. तो दगड ओळखीचा होता. सासवडच्या वाटेवर, साताऱ्याच्या माळावर आणि आमच्या कॉलेजच्या भिंतीतही हाच काळा फत्तर. हे साम्य केवळ नजरेचे नव्हे. भूगोल शिकवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने निघण्यापूर्वीच मला त्याचे रहस्य समजावून दिले होते आणि ते मला फार रम्य वाटले होते.

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी अतितप्त रसाचे झोत खालून वर येत असतात. ती जणू जागची न हलणारी चूल. वरचे भूकवच मात्र तव्यासारखे सावकाश सरकत असते, वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या धीम्या गतीने. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हिंदुस्थानचा भूखंड अशाच एका चुलीवरून उत्तरेकडे चालला होता. तेव्हा त्याच्या पाठीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचेच पुढे दख्खनचे पठार झाले आणि त्यांच्याच कापलेल्या कडांचा सह्याद्री झाला. भूखंड पुढे निघून गेला, चूल मागे राहिली. मागे राहिलेल्या त्या चुलीने समुद्राच्या तळावर डोंगरांची एक रांगच उठवली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस बेटांच्या प्रवाळाखालचा पाया तिचाच. आणखी पुढे, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशसचे बेट पाण्यावर आले. आज ती चूल मॉरिशसच्या नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटरांवर असलेल्या रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर पेटतो. मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र हजारो वर्षांपूर्वीच थंडावले आहेत.

म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस ही एकाच चुलीवरची दोन पक्वान्ने, एक आधी उतरवलेले आणि एक फार नंतर. मी हे मागच्या बाकावर सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, "तरीच इथे परकं वाटत नाही." आई काही बोलली नाही. ती दगडांच्या त्या ढिगांकडे पाहत होती. "केवढं ओझं उचललं असेल मेल्यांनी," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

टॅक्सीवाले

आमचे टॅक्सीवाले पन्नाशीचे, सावळे आणि मितभाषी गृहस्थ होते. गाडीच्या आरशाला लहानसा गणपती टांगलेला होता. सकाळी हॉटेलच्या दारात त्यांनी आम्हाला "नमस्कार" केला तेव्हा पर्यटकांसाठी शिकलेला शब्द असेल, असे मी धरून चाललो होतो. पण आडनाव विचारले, तर ते 'जी'त संपणारे निघाले. तिथे अनेक घराण्यांत हीच रीत झाली. बोटीतून उतरलेल्या माणसाचे जे पाळण्यातले नाव नोंदवहीत चढले, तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले.

"तुम्ही मराठी?" मी जवळजवळ ओरडलोच.

"हो. मराठी. पण बोलायला थोडं, समजायला जास्त," ते संकोचाने म्हणाले. घरी क्रेओल, सरकारी कामाला इंग्रजी, वर्तमानपत्राला फ्रेंच, सिनेमाला हिंदी आणि देवाला मराठी, अशी त्यांच्या घरातली भाषांची वाटणी होती. आमच्याशी ते बोलत ते हिंदी, इंग्रजी आणि मराठी अशा तिपेडी वेणीत. पुढचे संवाद मी सोयीसाठी मराठीत देत आहे.

काझ नोयालपाशी गाडीने समुद्राची साथ सोडली आणि घाट चढू लागली. वळणावळणाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना दाट झाडी. एका वळणावर त्यांनी गाडी उभी केली. खाली निळाहिरवा समुद्र, प्रवाळाच्या कड्यावर फुटणारी पांढरी रेघ आणि डावीकडे समुद्रात घुसलेला एक प्रचंड एकाकी कातळ दिसत होता. तो ल मॉर्न, ५५६ मीटर उंचीचा. फ्रेंच आणि त्यांच्यामागून आलेल्या इंग्रजांच्या अमदानीत मळ्यांवरून पळालेले गुलाम या कातळाच्या आश्रयाने लपत. १८३५ साली गुलामगिरी संपली. तुम्ही मुक्त झालात हे सांगायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आले आहेत असे समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तिथली आख्यायिका आहे. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

"गुलाम सुटले, पण ऊस सुटला नाही," टॅक्सीवाले म्हणाले. "मग आम्हाला आणलं."

ही 'आणण्या'ची गोष्ट १८३४ साली सुरू झाली. पाच-पाच वर्षांच्या करारावर हिंदुस्थानातून मजूर भरून बोटी येऊ लागल्या. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि मद्रासकडची, पण मुंबई बंदरातून निघालेल्यांत कोकणातल्या आणि घाटावरच्या मराठी माणसांचाही भरणा होता. राजधानी पोर्ट लुईमध्ये बोटीतून उतरण्याच्या जागी दगडी पायऱ्या आहेत, सोळा. त्या चढून गेलेला माणूस मजूर होई आणि त्याला एक क्रमांक मिळे. त्या जागेला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. तीही २००६ पासून जागतिक वारसा मानली गेली आहे. नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आपला मूळ पुरुष शोधायला लोक तिथे जातात.

आमचे टॅक्सीवालेही गेले होते. त्यांनी पणजोबांचा क्रमांक आम्हाला शाळकरी मुलाने पाढा म्हणावा तसा म्हणून दाखवला.

"आणि गाव?"

"जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव साहेबानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. ते कोणालाच लागत नाही. मी नकाशात शोधलं, इंटरनेटवर शोधलं. असं गावच नाही." मग थोडे थांबून ते हसले. "सर, आम्ही रत्नागिरीचे, म्हणजे कुठलेच नाही."

कड्याच्या काठावर

शामारेल हे डोंगरमाथ्यावरचे टुमदार गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख ज्या फ्रेंच गृहस्थाच्या मालकीचा होता, त्याच्यावरून हे नाव पडले. आजूबाजूला कॉफीची झाडे आणि अननसाचे मळे. फाटकाशी तिकिटे काढून आत शिरले, की रस्ता रानातून जातो आणि थोड्याच वेळात, पाणी दिसण्याआधी, पाण्याचा आवाज येतो.

टॅक्सीवाले सहसा गाडीपाशीच थांबत. पण आईला पायऱ्या चढायच्या होत्या म्हणून त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. आम्ही पुढे आणि ती दोघे सावकाश मागून, असे कठड्याशी पोहोचलो.

वाचकहो, धबधब्याचे वर्णन करणे हा प्राध्यापकांचा आवडता अपराध आहे. मी तो थोडक्यात करतो. समोर अर्धवर्तुळाकार दरी, विहिरीसारखी खोल. तिच्या सर्व बाजू रानाने गच्च भरलेल्या. पलीकडचा कडा तेवढा उघडा, काळा आणि ताशीव. त्या कड्याच्या माथ्यावर रानातून नदी येते, काठाशी क्षणभर घुटमळल्यासारखी होते आणि दोन-तीन पदरांनी एकदम खाली कोसळते. उंचीचे आकडे ८३ मीटरपासून १०० मीटरपर्यंत निरनिराळे सांगतात. त्यातला कमीत कमी धरला तरी दिल्लीचा कुतुबमिनार या पाण्याखाली उभा केल्यास त्याचा कळस भिजेल. पाणी तळाच्या डोहापर्यंत पोहोचेतो त्याचा निम्मा धूर होतो. कड्याच्या अंगावर लाव्ह्याचे थर आडव्या रेघांनी स्पष्ट दिसतात. जणू निरनिराळ्या काळी उकळून आलेल्या त्या रसाची वही कोणी मध्येच उभी फाडून ठेवली आहे. लोणावळ्याच्या किंवा आंबोलीच्या कड्यांत हेच थर आपण शेकडो वेळा पाहतो आणि भजी खात पुढे जातो.

दरीच्या पोकळीत दोन पांढरे पक्षी गिरक्या घेत होते. त्यांच्या शेपटीला एक लांबच लांब पांढरे पीस होते, बारीक दोरीसारखे. तिथले लोक त्यांना 'पायांके' म्हणतात. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ, शेपटीत गवताची काडी असलेला. या देशाच्या विमानांवर हाच पक्षी असतो.

कन्या फोटो काढण्यात गढली होती. इतक्यात आई टॅक्सीवाल्यांच्या हाताला धरून शेवटची पायरी चढली. तिने समोर पाहिले. उभ्या आयुष्यात आमच्याशी शुद्ध पुणेरी बोलण्याची शिकस्त केलेली माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली:

"अगे बाय माझे! केदो मोठो वझर हो!"

मला हसू आले. पण टॅक्सीवाले हसले नाहीत. त्यांनी आईचा हात सोडला आणि ते तिच्याकडे पाहतच राहिले.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

आई बावरली. "काय नाय. केवढा मोठा वझर, म्हटलं."

"वझर," ते म्हणाले. "वझर. हा शब्द तुम्हाला कुठून माहीत?"

एका शब्दाची गोष्ट

मग कठड्याला टेकून त्यांनी जे सांगितले ते असे. त्यांच्या आजीला मराठी येत होती, पण लिहितावाचता येत नव्हते. जन्म याच बेटावरचा, आयुष्य उसाच्या मळ्यात गेलेले. रविवारी कधी ती नातवंडांना घेऊन शामारेलच्या रानात येई. तेव्हा कठडा नव्हता, तिकीट नव्हते. पाण्यासमोर ती हात जोडून उभी राहायची आणि म्हणायची, "वझर बघा रे, वझर." मुलांना वाटे, वझर हे एखाद्या देवाचे नाव असेल. पुढे ते शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकले. पुस्तकात चित्राखाली 'धबधबा' लिहिलेले होते. त्यांनी आपल्या मास्तरांना विचारले, "वझर म्हणजे काय?" मास्तरांना ठाऊक नव्हते. पुढे टॅक्सीचा व्यवसाय सुरू केल्यावर मुंबई-पुण्याचे कोणी प्रवासी भेटले, की ते विचारीत. सगळे म्हणत, असा मराठीत शब्दच नाही.

"मग मीच ठरवलं," ते म्हणाले, "की आजी चुकत होती. अडाणी बाई, शब्द विसरली असेल. माझ्या मुलांना मी हा शब्द सांगितलाच नाही."

आई म्हणाली, "चुकायची कशी? आमच्या गावाक आजून वझर म्हणतत. वरसून पाणी उडी घेता ना, तो वझर. तुमची आजी बराबर होती हो."

ती मालवणीत बोलत होती आणि त्यांना किती कळले कोण जाणे. पण शेवटचे वाक्य कळले असावे. त्यांनी चष्मा काढला आणि तो सदऱ्याला पुसू लागले. दरीतून येणाऱ्या तुषारांनी काचा धूसर झाल्या होत्या, असे म्हणता आले असते. पण वारा त्या वेळी उलट दिशेने वाहत होता.

आणि मी? मराठीचा प्राध्यापक, एम. ए., वीस वर्षे भाषाशास्त्राचा पेपर शिकवणारा. मी कठड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो आणि मला एक निराळीच गोष्ट आठवत होती.

कन्या तिसरीत असताना तिने 'आम्ही पाहिलेले निसर्गदृश्य' या विषयावर निबंध लिहिला होता. त्यात वाक्य होते, 'आजीच्या गावाला एक वझर आहे.' ती वही शाळेत जाण्यापूर्वी मी तपासली होती. 'वझर' या शब्दावर तांबडी रेघ मारून मी वर 'धबधबा' लिहिले होते आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले होते, "आई, मुलीला हे गावठी शब्द शिकवू नकोस गं. मार्क जातात." आई तेव्हा भाजी निवडत होती. ती "बरं" म्हणाली. त्यानंतरच्या बारा वर्षांत तो शब्द आमच्या घरात मी ऐकला नाही. तो गेला, हेसुद्धा माझ्या लक्षात आले नव्हते.

खरे तर मला तो शब्द ठाऊक होता. झरा, निर्झर, ओझर आणि वझर ही सगळी झरणाऱ्या पाण्याची नावे. ओझर नावाची गावे आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत, त्यांतल्या एकाचा विघ्नेश्वर तर अष्टविनायकांपैकी. वझर हा कोकणाच्या दक्षिण टोकाचा आणि गोव्याकडचा शब्द. वर्गात मी बोलींवर तासभर बोलू शकतो. बोलीभाषा या प्रमाण भाषेच्या बहिणी आहेत, हे वाक्य मी फळ्यावर लिहून देतो. त्याच बहिणीला मी माझ्या स्वयंपाकघरातून हाकलली होती, पाच मार्कांच्या निबंधासाठी.

एवढ्यात मला सुचले आणि मी टॅक्सीवाल्यांकडे वळलो. "तुमच्या आजी या पणजोबांच्याच घरातल्या ना? सून की मुलगी?"

"मुलगी. माझ्या आईची आई ती. घराणं त्यांचंच."

"मग ऐका. तुमच्या कागदावर रत्नागिरी जिल्हा आहे. त्या काळी मालवण आणि वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच होते. वझर हा शब्द चिपळूणकडे चालत नाही, खाली दक्षिणेकडे चालतो. तुमचे पणजोबा बहुतेक तिकडचे. पक्का पुरावा नाही हा. पण तुम्ही आजवर सगळा जिल्हा शोधत होता. आता दोन-तीन तालुके शोधा. गावाचं नाव साहेबानं बिघडवलं, पण हा शब्द तुमच्या आजीनं बिघडू दिला नाही."

त्यांनी खिशातून एक लहानशी वही काढली, ज्यात ते गिऱ्हाइकांच्या वेळा लिहून ठेवीत. ती त्यांनी माझ्यापुढे नव्हे, आईपुढे धरली. "लिहून द्या, आजी," ते म्हणाले. तोवर ते तिला 'माँजी' म्हणत होते. आईने थरथरत्या अक्षरात लिहिले: वझर. खाली मालवण. खाली वेंगुर्ले. आणि सर्वांत खाली स्वतःच्या माहेरच्या गावाचे नाव, आपले असावे म्हणून.

सात रंगांची माती

शामारेलला जाणारा प्रत्येक जण पुढे 'सात रंगांची माती' पाहतो, तशी आम्हीही पाहिली. रानाच्या मधोमध उघड्या मातीच्या लहान लहान टेकड्या आहेत, गवताचे पातेही नसलेल्या. तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर, हिरवट, पिवळी अशा छटा एकीत एक मिसळलेल्या, रांगोळीच्या डब्या कलंडल्यासारख्या. हाही त्या काळ्या दगडाचाच खेळ. ऊन-पावसाने लाव्ह्याचा खडक कुजत कुजत त्याची माती झाली, पाण्याने विरघळणारे सगळे वाहून नेले आणि मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे उरली. लोहाने तांबूस रंग दिले, ॲल्युमिनियमने निळे-जांभळे. आपल्या कोकणातला जांभा अशाच तऱ्हेने बनलेला आहे. एवढ्या पावसातही हे रंग एकमेकांत कालवले जात नाहीत, याचे सर्वांना नवल वाटते. आता मातीवर पाय ठेवायला मनाई आहे. कुंपणाबाहेरूनच पाहायचे.

शेजारच्या कुंपणात राक्षसी कासवे होती. कन्येने त्यांतल्या एकाचे पाच मिनिटे चित्रण केले. त्या पाच मिनिटांत ते एक पाऊल चालले.

दुपारी टॅक्सीवाल्यांनी आम्हाला धोल पुरी खाऊ घातली. शिजवून वाटलेली डाळ भरलेली ती मऊ पोळी, सोबत रस्सा आणि मिरचीची चटणी. आईने पहिला घास घेतला आणि निदान केले, "पुरणपोळीच ही. गूळ तेवढा बोटीत राहिला."

परतताना त्यांची जीभ सैल झाली होती. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आँरिएता या गावाकडे, तामारँ नदीच्या धबधब्यांच्या वरच्या अंगाला, १८९६ साली मराठी माणसांनी गणपती बसवला, तेव्हापासून तो बेटावर घरोघरी बसू लागला असे सांगतात. रात्री 'झाकरी' नाचतात. आपल्या कोकणातली जाखडी ती हीच. आरत्या सगळ्यांना पाठ असतात, अर्थ थोड्यांना कळतो. "मुलं म्हणतात, जी भाषा बोलत नाही ती शिकायची कशाला?" ते म्हणाले. "मला उत्तर देता येत नव्हतं."

मलाही आले नसते. मुंबई-पुण्याच्या मराठी घरांतली मुलेही निराळे काही विचारीत नाहीत आणि माझ्या वर्गातली संख्या वर्षागणिक काय होते आहे, हे मी इथे दिवाळीच्या दिवसांत सांगू इच्छीत नाही.

हॉटेलच्या दाराशी त्यांनी ठरलेल्या भाड्यातून काही घ्यायचे नाकारले. मी आग्रह केला, त्यांनी नकार दिला आणि शेवटी आईने तोड काढली. "पैसे घ्या," ती म्हणाली, "आणि त्यातून पुढल्या रविवारी पोरांक घेऊन वझर बघूक जावा." त्यांनी पैसे घेतले आणि वाकून तिला नमस्कार केला.

परतल्यावर

येताना आईने एकच खरेदी केली: किलोभर साखर. सौ. म्हणाली, "आई, साखर काय पुण्यात मिळत नाही?" आई म्हणाली, "मोरस नाही मिळत." तिच्या आजीचा पितळी डबा केव्हाच मोडीत गेला आहे, ती साखर आता प्लॅस्टिकच्या बरणीत आहे. या दिवाळीच्या करंज्यांत तीच पडली.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी पहिल्या तासाला मुलांना एक काम दिले. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून, पुस्तकात न सापडणारे दहा शब्द लिहून आणायचे, अर्थासह. मार्क नाहीत. मला वाटले होते, चार-पाच जण आणतील. बत्तीस मुलांपैकी सव्वीस जणांनी आणले. एका मुलीने खाली टीप लिहिली होती, 'सर, आजी दोन तास बोलली.'

आणि गणपतीच्या सुमारास टॅक्सीवाल्यांचा फोन आला. दिवा लावलेली मूर्ती, शेजारी त्यांची दोन मुले आणि मागे भिंतीवर एका वृद्ध बाईचा जुना फोटो, असे सगळे त्यांनी पडद्यावर दाखवले. गाव अजून सापडलेले नाही, म्हणाले. पण वेंगुर्ले तालुक्यातली दोन नावे त्या साहेबाच्या स्पेलिंगच्या जवळपास जातात आणि पुढच्या वर्षी ते स्वतः येणार आहेत. मग धाकट्या मुलाला पुढे करून ते म्हणाले, "आजींना सांग, रविवारी आपण काय पाहिलं."

मुलगा लाजला. बापाने कोपर मारले.

"वझर," तो म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिले. बारा वर्षांपूर्वीच्या त्या तांबड्या रेघेबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती आणि आताही बोलली नाही. फक्त म्हणाली, "पोराचा उच्चार बरा आहे हो, मास्तर."